‘थई जशे, साहेब’

बडोद्याच्या कारखान्यांत ज्याने पाच-दहा वर्षं काढली आहेत, त्याला ‘थई जशे, साहेब’ या तीन शब्दांचे किमान चार अर्थ ठाऊक असतात. होऊन जाईल. बघतो. होईलसं वाटत नाही, पण तुमच्या तोंडावर कसं सांगू? आणि चौथा: हे होणार नाही हे मला माहीत आहे, तुम्हालाही थोडंफार माहीत आहे, पण आत्ता दोघांनाही वाद नको. शब्द तेच. फरक असतो तो ‘थई’ म्हणायच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात, आणि बोलणारा तुमच्याकडे बघतोय की शेजारच्या व्हॉल्वकडे, यात.

मी तेहतीस वर्षं बडोद्याच्या आसपासच्या रासायनिक कारखान्यांत काढली, त्यातली निम्म्याहून जास्त शिफ्ट इन-चार्ज म्हणून. घर दांडिया बाजारात. घरात मराठी, प्लांटवर गुजराती, कंत्राटी माणसांशी हिंदी आणि कागदावर इंग्रजी. आमच्या पिढीतल्या बहुतेक बडोदेकर मराठी नोकरदारांची हीच तऱ्हा. आता निवृत्तीनंतर कंपन्या कधीमधी सुपरवायझरांच्या ट्रेनिंगला बोलावतात, तेही शेवटच्या तासाला, ‘अनुभवाचे बोल’ म्हणून. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष चहाकडे आणि सर्टिफिकेटकडे लागलेलं असतं.

मागच्या हिवाळ्यात अलकापुरीतल्या एका हॉटेलात असंच एक ट्रेनिंग होतं. विषय लीडरशिप आणि कम्युनिकेशन. माझ्या आधी मुंबईहून आलेला एक तरुण प्रशिक्षक बोलत होता. हुशार मुलगा, तयारीही चांगली. नजरेला नजर द्या, हात असा मिळवा, वाईट काही सांगायचं असेल तर आधी एक चांगलं सांगा आणि नंतरही एक चांगलं सांगा, आवाजात चढउतार ठेवा. समोर चाळीसेक शिफ्ट इन-चार्ज आणि सेक्शन हेड कोऱ्या वह्या उघडून बसलेले. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एकाने हात वर केला आणि विचारलं, ‘साहेब, मारो ऑपरेटर मने साचुं केम नथी कहेतो?’ माझा ऑपरेटर मला खरं का सांगत नाही?

प्रशिक्षक ‘व्हेरी गुड क्वेश्चन’ म्हणाला आणि त्याने पुढची स्लाइड लावली.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे दोन दिवस पुरेल एवढा मजकूर होता आणि तो सगळा वरून खाली कसं बोलावं याचा होता. खालून वर काय येतं, काय येत नाही, वाटेत कुठे अडतं, याला त्यात जागाच नव्हती. आपल्याकडे ‘कम्युनिकेशन स्किल’ म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात, इंग्रजी आणि बोलणं. कॉलेजं तेच शिकवतात, कंपन्या त्यावरच पैसा घालतात, आणि प्रमोशनच्या मुलाखतीत त्यालाच मार्क मिळतात. माझं मत नेमकं उलटं आहे. साहेबाचं संवादकौशल्य त्याच्या बोलण्यावरून मोजूच नये. वाईट बातमी त्याच्यापर्यंत किती वेळात पोहोचते, यावरून मोजावं. आणि तो वेळ एकाच गोष्टीवर ठरतो: मागच्या वेळी जो वाईट बातमी घेऊन आला होता, त्याचं काय झालं?

विमानवाल्यांना हे कळायला फार मोठी किंमत मोजावी लागली. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएमचं जंबो विमान उड्डाणाला निघालं होतं आणि पॅन अ‍ॅमचं जंबो अजून त्याच धावपट्टीवर होतं. केएलएमचा कॅप्टन कोणी नवखा नव्हता. कंपनीच्या वैमानिकांना शिकवणारा ज्येष्ठ माणूस, कंपनीच्या जाहिरातीत ज्याचा चेहरा झळकायचा तो. विमान धावायला लागल्यावर मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, तो पॅन अ‍ॅमवाला बाजूला झाला नाही का अजून? झालाय की, असं कॅप्टनने ठामपणे सांगितलं. विषय संपला. काही सेकंदांत दोन्ही विमानं आदळली आणि ५८३ माणसं गेली.

त्या इंजिनिअरचं बोलणं मला अगदी आपल्याकडचं वाटतं. ‘थांबवा’ असं तो म्हणाला नाही. त्याने विचारलं. हाताखालचा माणूस धोका सांगताना प्रश्न विचारतो, कारण प्रश्न मागे घेता येतो. साहेबाने कपाळाला आठी घातली की ‘नाही, सहज विचारलं’ म्हणून निसटता येतं. ही त्याने स्वतःसाठी ठेवलेली पळवाट असते, आणि ती वापरायची वेळ त्याच्यावर का येते, हा खरा प्रश्न आहे. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा भरवली, १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांना त्याचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि आज जगभरच्या वैमानिकांना ते घ्यावं लागतं. यात गंमत अशी की कॅप्टनला गोड बोलायला कोणी शिकवलं नाही. आपल्याला अडवलं जाऊ शकतं, आणि अडवलं तर ते ऐकून घ्यायचं असतं, हे शिकवलं.

दुसऱ्याची उदाहरणं देणं सोपं असतं. माझंच सांगतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट. माझ्या शिफ्टला पादरा गावाकडचा एक फील्ड ऑपरेटर होता. बोलायला कमी, पण कान विलक्षण. पंपाच्या बेअरिंगवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. एका रात्री तो कंट्रोल रूममध्ये आला आणि म्हणाला, ‘साहेब, कूलिंगना पंपमां अवाज आवे छे.’ मी उठून गेलो, मेंटेनन्सच्या माणसाला झोपेतून उठवलं, त्याने येऊन पाहिलं. काही निघालं नाही. चार दिवसांनी परत तेच. परत काही नाही. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा कंट्रोल रूममध्ये पाच-सहा जण होते आणि मी एका रिपोर्टात डोकं घालून बसलो होतो. मान वर न करताच म्हणालो, ‘तने रोज कंईक संभळाय छे. कानना डॉक्टरने बताव!’ तुला रोज काहीतरी ऐकू येतं, कानाच्या डॉक्टरला दाखव!

सगळे हसले. तोही हसला. आणि गेला.

त्यानंतर त्याला काहीही ऐकू आलं नाही.

दोन-अडीच आठवड्यांनी पहाटे पाचच्या सुमाराला तोच पंप जाम झाला. जोडीचा स्टँडबाय पंप दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेला. कूलिंग वॉटरचा दाब पडला आणि प्लांट ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. कोणाला इजा झाली नाही हे नशीब, पण सगळं पुन्हा सुरू होऊन माल ठिकाणावर यायला दीड दिवस गेला. सकाळी मी लॉगशीट मागवली. बेअरिंगच्या तापमानाचा रकाना पाहिला. ११ वाजता ६२, १२ ला ६२, १ ला ६२, थेट ५ पर्यंत ६२. एकच पेन, एकच तिरकं वळण. प्लांटवर आठ दिवस काढलेल्या माणसालाही कळेल की हे रीडिंग खुर्चीत बसून एका दमात भरलेलं आहे.

चौकशी झाली. मेमो त्याला मिळाला, निष्काळजीपणा आणि खोटी नोंद. दोन्ही आरोप खरे होते. ज्या एका वाक्यामुळे ती नोंद खोटी झाली, ते मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं. चौकशीत मला ते कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलंही नाही. हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण लिहिलं नाही तर बाकीच्या लेखाला अर्थ नाही.

बऱ्याच महिन्यांनंतर त्याने मला आपण होऊन सांगितलं, की त्या रात्री तो पंपापाशी गेला होता. दोन वाजताच आवाज आला होता, हात लावला तर बेअरिंग चांगलंच तापलेलं होतं. मग ६२ का लिहिलंस? तो म्हणाला, ‘चुमोतेर लखुं तो तमने कहेवा आववुं पडे ने.’ ७४ लिहिलं असतं तर तुम्हाला सांगायला यावं लागलं असतं.

माझ्या त्या वाक्यात शिवी नव्हती. आवाज चढलेला नव्हता. तो टोमणा होता, आणि टोमणा ही आम्हा मराठी साहेबांची खास चीज. ‘काय दिवे लावलेत आज?’, ‘या, आलात का, आता काय पराक्रम?’, ‘अक्कल घरी विसरलात वाटतं.’ माझ्या गुजराती सहकाऱ्यांत काही साहेब असे ओरडायचे की कंप्रेसरचा आवाज झाकला जाईल, आणि पंधरा मिनिटांनी त्याच माणसाला ‘चाल, चा पी ले’ म्हणायचे. रागाच्या भरातही नावाला ‘भाई’ लावायला चुकत नसत. (हा काही समाजशास्त्राचा सिद्धांत नव्हे, तेहतीस वर्षांचं ऐकणं आहे. ओरडणारे मराठी आणि टोमणे मारणारे गुजरातीही भेटलेत.) ओरडण्याला निदान शेवट असतो. टोमणा चार माणसांच्या लक्षात राहतो, कँटीनमध्ये फिरतो, आणि ज्याला बसला त्याला उत्तर देता येत नाही, कारण साहेब म्हणणार, ‘अरे, गमतीने म्हणालो.’ आपण त्याला हजरजबाबीपणा म्हणतो, घरी येऊन बायकोला रंगवून सांगतो. ज्याच्यावर खर्च झाला, त्याच्या हिशेबात ती बातमी आणण्याची फी असते. पुढच्या वेळी तो ती भरायची की नाही याचा विचार करतो.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या चमूंत चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले, चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या चमूंतच जास्त चुका. खोलात गेल्यावर कळलं की तिथली माणसं जास्त चुकत नव्हती, जास्त सांगत होती. म्हणूनच एखादा मॅनेजर मला अभिमानाने ‘आमच्याकडे सहा महिन्यांत एकही निअर मिस नाही’, म्हणजे थोडक्यात टळलेला एकही अपघात नाही, असं म्हणाला, की मला तो ६२, ६२, ६२ चा रकाना दिसतो.

मग काय करायचं? ‘माझं दार सदैव उघडं आहे’ हे उत्तर नव्हे. दार उघडं ठेवणारा खुर्चीत बसून राहतो आणि चालत यायचं काम दुसऱ्यावर टाकतो. केबिनमध्ये एसी, गुळगुळीत टाइल्स, बाहेर शिपाई. ज्याच्या सेफ्टी शूजना तेल आणि चिखल लागला आहे, तो त्या टाइल्सवर पाय ठेवायला लाजतो, आणि ठेवलाच तर बाहेर पडेपर्यंत सगळ्या ऑफिसला कळलेलं असतं की हा आत गेला होता. हल्ली त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपची भर पडली आहे. रात्री दहाला साहेबांची सूचना, खाली सतरा अंगठे, आणि साहेबांना वाटतं पोहोचलं. तो अंगठा म्हणजे ‘थई जशे’च, फक्त त्यातला अर्ध्या सेकंदाचा थांबा ऐकू येत नाही.

मला विचाराल तर बऱ्याचदा उत्तर बोलण्यात नसतंच, ते व्यवस्थेत असतं. शिफ्ट बदलतानाचा चार्ज, म्हणजे कामाची सोपवणूक, हेच उदाहरण घ्या. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व दुरुस्तीला काढला होता आणि तिथलं तोंड तात्पुरतं बंद करून ठेवलं होतं. रात्रपाळीला ते नीट कळलं नाही. रात्री जोडीचा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच सुरू केला. वायू गळला, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. परमिटचे, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीचे, कागद होते. दोन माणसं समोरासमोर उभी राहून ‘ह्या पंपाला हात लावू नकोस’ एवढं बोलली असती, तर ती पाच मिनिटं पुरली असती.

ही पाच मिनिटं बडोद्यात कोण खातं, सांगू? बस. सकाळी सातला नाइट शिफ्ट सुटते आणि सात वाजून पाच मिनिटांनी गेटवर कंपनीची बस हॉर्न देते. ती चुकली तर नंदेसरीहून किंवा रणोलीहून शहरात यायचे हाल. त्यामुळे रात्रभर जागलेला माणूस एक पाय बाहेर ठेवूनच चार्ज देतो. ‘बधुं बराबर छे’, सगळं ठीक आहे, म्हणायचं, सही ठोकायची आणि पळायचं. एका कंपनीत मी बस दहा मिनिटं उशिरा सोडायला लावली. त्यासाठी अ‍ॅडमिनशी तीन महिने भांडलो. ड्रायव्हरचा ओव्हरटाइम, दुसऱ्या प्लांटचं वेळापत्रक, हजार कारणं. पण नंतर चार्जच्या वहीत खरोखर मजकूर यायला लागला. माझ्या नोकरीतलं संवादकौशल्याचं सगळ्यात मोठं काम कुठलं, तर ती बस. त्यात मी कोणाच्याही नजरेला नजर दिली नव्हती.

आता कंत्राटी माणसाबद्दल, कारण तिथे प्रश्न जास्त अवघड होतो. आमच्याकडे ही माणसं दाहोद-पंचमहालातून येतात, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून येतात. टाकीत उतरतात ते, भट्टीशी उभे राहतात ते, म्हणजे गळती, वास, सैल बोल्ट पहिल्यांदा दिसतो तो त्यांना. आणि बोलायला सगळ्यात कमी जागा त्यांनाच. कायम कामगाराला आम्ही ‘तमे’ म्हणतो, कंत्राटी माणसाला सरळ ‘तू’, आणि पुष्कळदा तेही नाही, नुसतं ‘ए लेबर’. गळ्यात गेटपासवर त्याचं नाव छापलेलं असतं. ते वाचायला दोन सेकंद लागतात. परमिटचा फॉर्म इंग्रजीत असतो, तो त्यावर सही करतो, आणि कशावर सही केली हे त्याला मुकादम सांगतो, तेही स्वतःला सोयीचं तेवढंच.

भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये जी दुरुस्ती झाली, तिने धोकादायक कारखान्यांत सेफ्टी कमिटी सक्तीची केली, कामगार आणि व्यवस्थापन यांचे निम्मे-निम्मे प्रतिनिधी. धोका दिसला तर कामगाराने थेट व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही सांगावं, आणि व्यवस्थापनाने लगेच उपाय करावा, हेही त्याच दुरुस्तीत आलं. म्हणजे वाईट बातमीला वर जायचा रस्ता कायद्याने बांधून दिला. मी अशा किती कमिट्यांत बसलो! मिनिट्स इंग्रजीत लिहिल्या जायच्या, कामगार प्रतिनिधी शेवटी सही करायचे, वेफर आणि चहा व्हायचा. मी बसलो त्या कमिट्यांत कंत्राटी माणूस मला एकदाही दिसला नाही. सुपरवायझरांच्या बोलण्याच्या ट्रेनिंगवर जेवढा खर्च होतो, त्याच्या काही टक्के जरी या मिनिट्स गुजरातीत आणि हिंदीत लिहिण्यावर, आणि त्या खोलीत दोन कंत्राटी माणसं बसवण्यावर झाला, तर मी गप्प बसेन. कंत्राटदार नाराज होईल, हे मला माहीत आहे. होऊ दे.

बडोद्यात बसून ‘वरच्याने कसं असावं’ यावर लिहायचं आणि सयाजीरावांचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याहून आणलेला बारा वर्षांचा मुलगा, मराठी घरातला. त्याने कारभार मात्र प्रजेच्या गुजरातीत चालवला. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आधी १८९३ मध्ये अमरेलीकडे करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात नेलं. ज्याच्याशी बोलायचं त्याची भाषा आपण शिकायची, ही साधी गोष्ट त्या राजाला कळली होती. हॉटेलात इंग्रजी स्लाइडा लावणाऱ्या आमच्या कंपन्यांना अजून कळायची आहे.

पण त्याच बडोद्यात, त्याच राजाच्या कचेरीत काय झालं तेही विसरू नये. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबियाला पाठवणारी शिष्यवृत्ती सयाजीरावांची. करारानुसार १९१७ मध्ये ते इथे नोकरीवर आले. कचेरीतला शिपाई त्यांच्या टेबलावर फाइल लांबून फेकायचा. प्यायला पाणी मिळेना. गावात राहायला जागा मिळेना, पारशी विश्रामगृहात ओळख लपवून राहिले, तर लाठ्या घेऊन लोक आले आणि तिथूनही निघावं लागलं. काही दिवसांतच त्यांना बडोदं सोडावं लागलं. कमाटीबागेतली संकल्पभूमी ही त्याचीच आठवण. त्या काळच्या सगळ्यात पुढारलेल्या राजाची इच्छा त्यांच्या बाजूने होती, त्याचा पैसा, त्याची नेमणूक बाजूने होती, आणि एका शिपायाने फाइल फेकून ते सगळं पुसून टाकलं.

आजचा एचआर मॅनेजर याला ‘कम्युनिकेशन गॅप’ म्हणेल. मला तो शब्द इथे असह्य होतो. गॅप कसली? त्या शिपायाने निरोप अगदी स्वच्छ दिला होता. जातीने ठरवलेली गोष्ट संवादाच्या अभावाने झाली असं म्हणणं म्हणजे ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला मोकळं सोडणं. एका कारखान्यात मी पाहिलं, कायम कामगारांच्या चहाला स्टीलचे पेले आणि कंत्राटी माणसांना कागदी कप. कोणी हुकूम काढला नव्हता, ‘पहिल्यापासून असंच आहे’. तिथे सौम्य बोलून, समजूत काढून काही होत नाही. पेले सगळ्यांना एक, आजपासून, हे सांगायचं, आणि सांगून केबिनमध्ये परत न जाता आठवडाभर त्या रांगेत स्वतः उभं राहायचं. माणसं सांभाळण्याच्या कौशल्यात हेही येतं, की कुठे ऐकून घ्यायचं आणि कुठे अधिकार वापरायचा. आम्ही बहुतेक जण अधिकार ऑपरेटरवर वापरतो आणि कंत्राटदाराचं ऐकून घेतो.

माझ्या या बोलण्यावर ट्रेनिंगमध्ये दोन आक्षेप हटकून येतात. पहिला, असं सगळ्यांचं ऐकत बसलो तर शिस्त राहणार नाही. यात तथ्य आहे. आग लागली की चर्चा नसते, हुकूम असतो, आणि तो मोठ्याने द्यावा. पण ज्याचं एरवी ऐकलं गेलं आहे, तो अशा वेळी पटकन हलतो, हे मी पाहिलं आहे. फक्त ऐकणारा आणि काही न ठरवणारा साहेब हा ओरडणाऱ्यापेक्षाही वाईट, हेही मान्य. महिनाभरात लोक त्याला सांगणं सोडतात, कारण सांगून काही होत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: दहातल्या नऊ तक्रारी पोकळ निघतात, रात्री तीनला कितीदा उठायचं? याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. उठायचं. पगार त्याचाच आहे. नऊ वेळा पोकळ निघालेल्या खबरीला तुम्ही काय तोंड करता, त्यावर दहावी येणार की नाही हे ठरतं. तोंड वाकडं न करणं हे कसब आहे आणि ते अवघड आहे. मला स्वतःला ते पन्नाशीपर्यंत जमलं नव्हतं, आणि अजूनही घरी नळ गळतोय असं कोणी सांगितलं की माझी पहिली प्रतिक्रिया टोमण्याचीच असते.

हॉटेलातल्या त्या दिवशी शेवटच्या तासाला मी मागच्या रांगेतल्या माणसाला उभं केलं आणि विचारलं, तुमचा ऑपरेटर शेवटचं वाईट काय सांगायला आला होता आणि तुम्ही त्याला काय म्हणालात, पहिलं वाक्य? तो बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, ‘याद नथी, साहेब.’ शेजारचा हसून म्हणाला, ‘एने याद हशे.’ त्याला आठवत असेल.

पादऱ्याच्या त्या ऑपरेटरची मी माफी मागितली, पण चौकशीनंतर कितीतरी महिन्यांनी, आणि एकट्यात. मेमो त्याच्या फाइलमध्ये तसाच राहिला. टोमणा पाच-सहा जणांपुढे मारला होता, माफीही तशीच मागायला हवी होती. तेवढी हिंमत झाली नाही. त्याने ‘जवा दो ने, साहेब’ म्हटलं. मला वाटलं, हेही ‘थई जशे’च्या जातीचंच असणार, आता हा परत काही सांगायचा नाही.

दीडेक महिन्यानंतर एका रात्री तीनच्या पुढे तो कंट्रोल रूमच्या दारात उभा राहिला. आत आला नाही. ‘अवाज जेवुं लागे छे,’ म्हणाला. आवाजासारखं वाटतंय. मी पेन खाली ठेवलं, हेल्मेट घातलं आणि त्याच्या मागोमाग गेलो. थंडी होती. त्याने स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला, मी मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मला काहीच ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा लावून पाहिलं आणि मान हलवली, नाही, आता नाही. आम्ही परत आलो, चहा घेतला, पंपाबद्दल कोणी काही बोललं नाही.

सकाळी चार्ज देताना मी लॉगशीट चाळली. बेअरिंगच्या रकान्यात ५८, ६१, ५९, ६३, ६०.